माळ्यावरच्या पीसीला नवं डिस्प्ले कार्ड लावण्याआधी

ज्यांच्या घरी १९९७ ते २००४च्या सुमारास असेंबल करून घेतलेला पीसी अजून माळ्यावर किंवा पलंगाखाली जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. अशी मशीनं आता पुन्हा खाली उतरू लागली आहेत. कुणाला ‘रोड रॅश’ खेळायचंय, कुणाला मुलांना विंडोज ९८ दाखवायचंय, कुणाला वडिलांच्या जुन्या फायली काढायच्यात. पीसी सुरू झाला की पुढचा विचार ठरलेला असतो: तेव्हा जे भारी डिस्प्ले कार्ड परवडलं नाही, ते आता टाकून बघू. इच्छा अगदी रास्त आहे. लॅमिंग्टन रोडवर दुकानाबाहेर उभं राहून ज्यांनी त्या कार्डांच्या किमती नुसत्या विचारल्या होत्या, त्यांना ती हौस आता फेडता येत असेल तर जरूर फेडावी.

फक्त दोन विनंत्या आहेत. कार्ड विकत घेण्याआधी कॅबिनेट उघडून आतला स्लॉट नीट बघा. आणि मिळेल ते सगळ्यांत ताकदवान कार्ड घेऊ नका. मशीनच्या वयाचं, फार तर एखाद-दोन वर्षांनी धाकटं कार्ड घ्या. हे दोन्ही मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण चुकीच्या कार्डाने मदरबोर्ड कायमचा जातो. असे बोर्ड आता कुणी बनवत नाही. एक गेला की तेवढा एक कमी झाला.

त्याहीआधीचं काम हार्ड डिस्कचं. वीस-पंचवीस वर्षं बंद पडलेली डिस्क आणखी किती वेळा फिरेल हे कुणीच सांगू शकत नाही. तिच्यात लग्नाचे स्कॅन केलेले फोटो असतील, घरी डीटीपीचं काम चालत असेल तर श्रीलिपी किंवा आयएसएममध्ये टाइप केलेला मजकूर असेल. तुमच्या घरात त्याची दुसरी प्रत बहुधा नाही. डिस्क काढा, आयडीई ते यूएसबी जोडणीच्या वायरीने आजच्या लॅपटॉपला लावा आणि सगळं उतरवून घ्या. कार्डाचा विचार त्यानंतर करा.

मग स्वतःला विचारा की खेळायचं काय आहे. ‘डेव्ह’ आणि १९८९-९० सालचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हवा असेल तर नव्या कार्डाची मुळीच गरज नाही. ते खेळ साध्या व्हीजीएवर किंवा त्याहून जुन्या कार्डावरही चालत. उलट फार नवं कार्ड टाकलं तर डॉसचे काही खेळ बिघडतात, कारण पुढच्या काळात कार्ड बनवणाऱ्यांचं सगळं लक्ष थ्रीडीकडे गेलं आणि डॉसच्या जुन्या खोड्या सांभाळणं मागे पडलं. एस थ्री कंपनीची ट्रायो ६४ सारखी साधी कार्डं डॉससाठी आजही उत्तम आहेत. आपल्याकडच्या कितीतरी पीसींमध्ये ती पहिल्यापासून होती. तुमच्यात ती असेल आणि तुमचा जीव प्रिन्समध्ये अडकला असेल, तर पैसे वाचवा, ते कार्ड तसंच राहू द्या.

१९९७-९८ नंतरचे थ्रीडी खेळ हवे असतील तेव्हाच स्लॉटकडे वळा. कॅबिनेटची बाजू काढली की मदरबोर्डवर मागच्या पत्र्याला काटकोनात ओळीने स्लॉट दिसतील. लांब, काळे ते आयएसए. त्याहून आखूड, पांढरे ते पीसीआय. आणि प्रोसेसरच्या सगळ्यांत जवळ, बहुतेक वेळा तपकिरी रंगाचा, पत्र्यापासून थोडा आत सरकलेला एकच स्लॉट असेल तर तो एजीपी. हा तपकिरी स्लॉट सापडला तर तुम्ही नशीबवान. इंटेलच्या ८१० चिपसेटचे बोर्ड १९९९नंतर आपल्याकडे धडाक्याने खपले, कारण डिस्प्ले बोर्डातच असल्याने पीसी स्वस्त पडायचा. त्यांत एजीपी स्लॉट नसतोच. पेंटियम फोरच्या ८४५जीएल आणि ८४५जीव्ही बोर्डांचंही तेच. अशा मशीनला पीसीआय कार्डच लागतं. पीसीआयचा वेग सेकंदाला १३३ मेगाबाइट, तोही साउंड कार्ड आणि बाकीच्यांनी वाटून घ्यायचा, त्यामुळे फार मोठं कार्ड तिथे गुदमरतं. व्हूडू थ्री किंवा जिफोर्स टू एमएक्सची पीसीआय आवृत्ती मिळाली तर तेवढ्यावर समाधान माना. ते समाधानही काही थोडं नसतं.

एजीपी स्लॉट असेल तर आता सावकाश चला. सगळ्यांत जास्त बोर्ड इथेच जळतात.

एजीपी तीन टप्प्यांत वाढलं. १९९७मध्ये बाजारात आलेले पहिले बोर्ड आणि त्यानंतरचे, विशेषतः पेंटियम टू आणि सुरुवातीच्या पेंटियम थ्रीचे लाडके ४४०बीएक्स बोर्ड, ३.३ व्होल्टवर चालत. चौपट वेगाचं फोर-एक्स आलं तेव्हा ते दीड व्होल्टवर आलं. एट-एक्समध्ये संकेतांचा व्होल्टेज ०.८वर उतरला. म्हणजे स्लॉट दिसायला सारखा, आतली वीज वेगळी. चुकीचं कार्ड बसू नये म्हणून स्लॉटमध्ये एक बारीक आडवा अडसर आणि कार्डाच्या सोनेरी दातांच्या पट्टीत त्याच जागी खाच ठेवलेली असते.

कार्ड हातात घेऊन हे बघा. ज्या टोकाला मॉनिटरची वायर लागते, तिथे पत्र्याची पट्टी आहे. त्या पट्टीच्या जवळ खाच असेल तर कार्ड ३.३ व्होल्ट घेतं. पट्टीपासून दूर, दुसऱ्या टोकाकडे खाच असेल तर ते दीड व्होल्टचं. दोन्हीकडे खाचा असतील तर दोन्हींवर चालायला हवं. आता बोर्डाकडे वळा आणि टॉर्च मारून स्लॉटमधला अडसर शोधा. मागच्या पत्र्याच्या बाजूला असेल तर स्लॉट ३.३चा, आतल्या बाजूला असेल तर दीडचा, अडसरच नसेल तर दोन्ही चालवणारा. खाच आणि अडसर जुळत नसतील तर कार्ड दाबून बसवायचा विचारही करू नका.

‘चालायला हवं’ असं मी जपून म्हटलं, कारण एनव्हिडियाच्या टीएनटी टू कार्डाच्या काळातली काही कार्डं फसवी आहेत. त्यांना खाचा दोन आहेत, पण खरी गरज ३.३ व्होल्टचीच. इंटेलच्या ८४५ आणि ८५० चिपसेटचे बोर्ड फक्त दीड व्होल्टचे. त्यांत असं कार्ड निमूटपणे बसतं, आणि बटण दाबल्यावर बोर्डाचा चिपसेट जळतो. तेव्हा नियम सोपा ठेवा. पेंटियम फोरच्या बोर्डात २००० सालाआधीचं एजीपी कार्ड घालू नका, खाच काहीही सांगो. विकणारा ‘सगळ्यात चालतं’ म्हणाला तरी त्याच्याकडून कार्डाच्या दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो मागवा, त्यात दातांची पट्टी पूर्ण दिसली पाहिजे. फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर ते कार्ड सोडा.

आता कोणतं कार्ड घ्यायचं. पेंटियम टू किंवा पाचशे-सहाशे मेगाहर्ट्झच्या पेंटियम थ्रीला टीएनटी टू, व्हूडू थ्री किंवा जिफोर्स टू एमएक्स ४०० अगदी शोभून दिसतं. एक गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पेंटियम थ्री किंवा अ‍ॅथलॉनला जिफोर्स टूपासून जिफोर्स फोर एमएक्स ४४०पर्यंत काहीही. पेंटियम फोर असेल तर जिफोर्स फोर टीआय ४२०० किंवा रेडिऑन ९६००, आणि मग २००३मध्ये पीसीवर आलेलं ‘व्हाइस सिटी’ मनमुराद खेळता येतं. याच्या वर जाण्यात फायदा नाही, कारण कार्डाला कामाला लावणारा प्रोसेसर तोच जुना असतो. कार्ड रिकामं बसून राहतं, वीज मात्र पुरेपूर खातं आणि कॅबिनेट तापवतं. शिवाय नव्या कार्डांनी जुन्या काही गोष्टी सोडूनही दिल्या. खेळातल्या चित्रांसाठी वापरली जाणारी रंगतक्त्याची जुनी पद्धत जिफोर्स ६ मालिकेपासून गेली, त्यामुळे त्या काळचे काही खेळ जास्त ताकदवान कार्डावर जास्त वाईट दिसतात.

व्हूडूबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. १९९६चं पहिलं व्हूडू आणि १९९८चं व्हूडू टू ही फक्त थ्रीडीची कार्डं होती. नेहमीचं डिस्प्ले कार्ड वेगळं लागायचं, त्यातून एक आखूड वायर व्हूडूत जायची आणि मॉनिटर व्हूडूला. व्हूडू बनवणाऱ्या कंपनीची ग्लाइड नावाची स्वतःची पद्धत होती आणि ‘नीड फॉर स्पीड टू’च्या विशेष आवृत्तीसारखे खेळ तिच्यावर जसे दिसायचे तसे दुसऱ्या कशावर दिसत नसत. २०००च्या डिसेंबरात कंपनीने आपला पसारा एनव्हिडियाला विकायचं ठरवलं आणि तो अध्याय संपला. आता या कार्डांना हौशी लोक भरपूर पैसे मोजतात. तुमच्या जुन्या सामानात असं एखादं निघालं तर भंगारवाल्याच्या तराजूत टाकू नका.

कार्डावरच्या मेमरीच्या आकड्यालाही भुलू नका. ६४ किंवा १२८ एमबी लिहिलेलं असतं, पण त्या मेमरीपर्यंतचा रस्ता अर्धाच ठेवलेला असतो. टीएनटी टू एम ६४, जिफोर्स टू एमएक्स २००, रेडिऑन ९२०० एसई ही सगळी अशी अर्ध्या रुंदीची कार्डं, आणि आपल्याकडे स्वस्त म्हणून खूप आली. एफएक्स ५२०० दोन्ही प्रकारांत मिळतं. कार्डावर मेमरी चिपांच्या निम्म्या जागा रिकाम्या दिसल्या तर विचारून घ्या. हे वाईट आहे असं नाही. फक्त त्याची किंमत पूर्ण कार्डाइतकी देऊ नका.

एसएमपीएसकडे दुर्लक्ष करू नका. त्या काळी कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर ४०० वॅट छापलेलं असायचं आणि हातात घेतला तर तो रिकाम्या खोक्याइतका हलका लागायचा. त्यावर विश्वास ठेवू नये. नवा घेताना आणखी एक अडचण असते: आजच्या एसएमपीएसची ताकद १२ व्होल्टवर एकवटलेली असते, तर पेंटियम थ्रीच्या बोर्डाला ती ५ आणि ३.३ व्होल्टवर लागते. म्हणून एकूण वॅट बघण्याऐवजी लेबलवरच्या तक्त्यात या दोन रकान्यांपुढे किती अँपिअर आहेत ते वाचा. बोर्डावरचे कपॅसिटरही बघा. डोकं सपाट असेल तर ठीक. फुगलेलं असेल किंवा त्यावर तपकिरी डाग असेल तर ते आधी बदलून घ्या. २०००नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांत हा रोग फार आहे. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या बऱ्याच दुकानांत सोल्डरिंग चांगलं येणारा माणूस असतो. बोर्ड काढून न्या, तो करून देईल.

आणि अर्थिंग. आपल्या घरांत दोन पिनांच्या एक्स्टेन्शन बोर्डावर पीसी लावायची सवय आहे. मग कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि आपण तिकडे काणाडोळा करतो. एसएमपीएसमधून थोडी वीज कॅबिनेटच्या पत्र्यावर झिरपते आणि अर्थिंग नसल्याने तिला वाट मिळत नाही; ती जुन्या चिपांना चांगली नाही, तुम्हालाही नाही. तीन पिनांचं सॉकेट आणि खरं अर्थिंग हे या सगळ्या खर्चातलं सगळ्यांत मोलाचं काम आहे.

बसवायच्या दिवशी आधी जुन्या कार्डाचं सॉफ्टवेअर विंडोजमधून काढा आणि पीसी बंद करा. मग पॉवरची वायर भिंतीतून उपटून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण एटीएक्स बोर्डाला पीसी बंद असतानाही ५ व्होल्ट मिळत राहतात आणि तशात कार्ड काढलं-घातलं तर दोन्ही जाऊ शकतात. वायर काढल्यावर बटण एकदा दाबा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. सिंथेटिक कपडे नकोत. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच कार्ड धरा, तेही कडेने.

धूळ मऊ ब्रशने झाडा. दातांची पट्टी काळवंडली असेल तर आपले मेकॅनिक रॅमला लावतात तसं पांढरं, मऊ खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा आणि चुरा पूर्ण झटकून टाका. शाईचं खरखरीत खोडरबर वापरू नका, सोन्याचा थर निघतो. पंखा अडखळत असेल तर मागचा स्टिकर उचलून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा.

कार्ड सरळ वरून, दोन्ही टोकांवर सारखा जोर देत बसवा. एजीपी स्लॉटच्या आतल्या टोकाला आकडा असेल तर तो अडकल्याचा आवाज येतो. आता स्क्रू. पुष्कळांचं काम नेमकं इथे फसतं. स्वस्त कॅबिनेटचा पत्रा थोडा वाकडा असतो; स्क्रू आवळताना पट्टी त्याच्याकडे ओढली जाते आणि कार्डाचं दुसरं टोक स्लॉटमधून हळूच वर उचललं जातं. वरून काही कळत नाही. म्हणून स्क्रू पुरता आवळल्यावर बाजूने, डोळा स्लॉटच्या पातळीवर आणून बघा. सोनेरी पट्टीची रेघ दोन्ही टोकांना सारखीच दिसली पाहिजे. एक बाजू जास्त दिसत असेल तर स्क्रू सैल करून कार्ड पुन्हा बसवा, आणि गरज पडली तर पत्राच थोडा वाकवून सरळ करा.

पीसी सुरू केल्यावर डिस्प्ले आला नाही तर घाबरू नका, आवाज ऐका. अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड बीप म्हणजे डिस्प्लेची तक्रार. एएमआय बायोसमध्ये आठ बीप म्हणजे कार्डाच्या मेमरीची. दोन्ही वेळा आधी कार्ड नीट बसलंय का ते बघावं. डिस्प्ले आला की बायोसमध्ये जाऊन पहिला डिस्प्ले एजीपी की पीसीआय ते ठरवा, आणि एजीपी अ‍ॅपर्चर ६४ एमबी ठेवा.

सॉफ्टवेअरचा क्रम महत्त्वाचा. आधी बोर्डाच्या चिपसेटचा ड्रायव्हर, व्हीआयएचा बोर्ड असेल तर त्यांचा फोर-इन-वन, मग डायरेक्टएक्स, शेवटी कार्डाचा. विंडोज ९८साठी एनव्हिडियाचा शेवटचा ड्रायव्हर ८१.९८ आणि एटीआयचा कॅटलिस्ट ६.२. पण शेवटचा म्हणजे सगळ्यांत चांगला असं समजू नका. जिफोर्स टू किंवा जिफोर्स फोरला ४५.२३ सारखे जुने ड्रायव्हर जास्त मानवतात. ड्रायव्हर सीडीवर उतरवून घ्या, कारण विंडोज ९८ पेन ड्राइव्ह आपणहून ओळखत नाही. रॅम ५१२ एमबीच्या वर नेऊ नका, विंडोज ९८ तिथे गोंधळतं. आणि या मशीनला इंटरनेट लावू नका. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ला सुरक्षेचे दुरुस्तीपॅच देणं २००६च्या जुलैमध्ये थांबवलं.

जुना काचेचा मॉनिटर असेल तर नव्या कार्डावर पडदा ६० हर्ट्झवर लुकलुकेल. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये तो ७५ किंवा ८५वर न्या, पण मॉनिटरच्या मागच्या पाटीवर लिहिलेल्या मर्यादेतच. मॉनिटर मात्र उघडू नका. बंद असतानाही त्यात जिवावर बेतेल एवढी वीज राहू शकते.

पेंटियमहूनही जुनी, ४८६ची मशीनं असतील त्यांना फारसं काही सांगण्यासारखं नाही. बोर्डावरची बॅटरी गळली असेल तर ती आधी काढा आणि आहे ते कार्ड जपा. एकच गोष्ट लक्षात ठेवा. पुण्याच्या सी-डॅकने तेव्हा जिस्ट नावाचं कार्ड बनवलं होतं. ते स्लॉटमध्ये बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणि इतर भारतीय लिप्या उमटत. सरकारी कचेऱ्या, छापखाने, बँका यांच्या जुन्या मशीनमध्ये एखादं अजून बसलेलं असेल. जास्त वेगवान कार्ड टाकायचं म्हणून ते काढून फेकू नका. पडद्यावर मराठी उमटवणाऱ्या सुरुवातीच्या यंत्रांपैकी ते एक आहे, आणि ते चालू स्थितीत पाहायला मिळणं आता दुर्मीळ आहे.

काढलेलं प्रत्येक जुनं कार्ड चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत घाला. पिशवीवर कोणत्या मशीनमधलं, कोणत्या ड्रायव्हरवर चालत होतं आणि कधी काढलं ते लिहा. तुम्हाला नको असेल तर ज्याला हवं त्याला द्या. ८१०च्या बोर्डावर अडकलेला कुणीतरी नेमकं तसंच पीसीआय कार्ड शोधत असतो. पूर्ण जळलेलं असेल तर ते अधिकृत ई-कचरा केंद्रात जाऊ दे, पण त्याआधी त्यावरचा पंखा आणि हीटसिंक काढून ठेवा. त्या मापाचे आता मिळत नाहीत.